छपरावर माणूस आहे

सोमवार, ४ मार्च

ताई म्हणाली, "तू बोलत नाहीस, निदान लिही तरी. आतल्या आत ठेवून आजारी पडशील." मी आजारी नाही. पण तिनं वही आणून दिली आहे आणि आणलेली वस्तू वाया गेलेली मला आवडत नाही, म्हणून लिहितो.

दाजी गेले. दाजी म्हणजे ताईचा नवरा. आठवड्यापूर्वी, रविवारी सकाळी दाढी करताना गेले. मी मागच्या खोलीत होतो. नळ चालू असल्याचा आवाज येत होता. दाजी नळ कधी चालू सोडत नसत, म्हणून मला विचित्र वाटलं, पण मी उठलो नाही. ताईची हाक आली तेव्हा उठलो.

मग लोक जमले. मला बाहेरच्या खोलीत बसवलं. दार सारखं उघडत होतं, मिटत होतं आणि बिजागरी करकरत होती. मी तेलाची बुधली आणली आणि सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. ताईच्या सासरची एक बाई म्हणाली, "दगड आहे अगदी." दुसरी म्हणाली, "अगं, त्याला नाही कळत." मला कळत होतं. दार करकरत होतं तेही कळत होतं. नंतर ते वाजलं नाही. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

दाजी आतल्या खोलीत होते. सगळे एकेक करून आत जाऊन आले. मी गेलो नाही.

मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत काम करतो. दाजींनीच लावलं. त्याआधी माझ्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. दोन्हीकडे म्हणाले, काम उत्तम आहे, आणि काढून टाकलं. तेव्हा ताई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी ऑटिस्टिक आहे असं तिथं ठरलं. कागदावर 'स्वमग्न' असं लिहिलं आहे. दाजींनी कागद वाचला आणि डॉक्टरांना म्हणाले, "बाकी राहू द्या, याला काम कसं सांगायचं तेवढं सांगा." डॉक्टर म्हणाले, "एका वेळी एक, आणि सरळ." दाजी म्हणाले, "मग हा आमच्या लिफ्टवरच पाहिजे. तिथं वाकडं बोललं की माणूस मरतो."

तेव्हापासून आमची जोडी होती. परवापासून कामावर जायचं आहे. जोडीला कोण असेल ते कळवलेलं नाही.

बुधवार, ६ मार्च

जोडीदार मिळाला. त्याला सगळे रेडिओ म्हणतात. का ते गाडी सुरू व्हायच्या आतच कळलं. सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची शाळा, भाव, सरकार, परत सासू. मध्येच म्हणाला, "गुरुजी, पुढे या ना बसायला. मागे हत्यारांत काय बसताय?" मी म्हटलं, मागे बरं आहे. तो मला गुरुजी का म्हणतो ते माहीत नाही. मी कुणाला शिकवलेलं नाही.

पुढच्या दोन जागांपैकी एक दाजींची होती आणि दुसरी त्यांच्या शेजारची होती.

आमचं काम दोघांचं असतं. एक जण लिफ्टच्या छपरावर उभा राहून शाफ्टमधले रूळ, दोर, पट्ट्या बघतो. दुसरा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये असतो. जुन्या लिफ्टच्या छपरावर बटणं नसतात, त्यामुळे छपरावरच्यानं वॉकीटॉकीवर सांगायचं आणि वरच्यानं लिफ्ट हलवायची. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून दाजींची रीत होती. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच शब्द परत बोलायचे, पहिल्यानं 'हो' म्हणायचं, मगच हात लावायचा. काम संपलं की छपरावरचा बाहेर येऊन सांगणार, "बाहेर आलो, सोड." हे त्याच्याच तोंडून यायला हवं. तोवर वरच्यानं मुख्य स्विच बंद ठेवायचा आणि तिथून हलायचं नाही. भूकंप झाला तरी हलायचं नाही, असं दाजी म्हणत. भूकंप कधी झाला नाही.

रेडिओला ही रीत सांगितली. तो म्हणाला, "हो हो, सगळं माहीत आहे." मग छपरावर गेला आणि वॉकीटॉकीवर बोलू लागला.

"बरं का गुरुजी, आता जरा घ्या वर, म्हणजे कसं, थोडंसंच, त्या तिसऱ्याच्या वर, नाही नको, थांबा, हां, घ्या."

मी विचारलं, "वर घेऊ की थांबू?"

"अहो, घ्या म्हटलं ना!"

"त्याआधी थांबा म्हटलंत."

"ते मी स्वतःला म्हटलं!"

मी लिफ्ट हलवली नाही. त्यानं शेवटी "वर घ्या, सावकाश" एवढंच म्हटलं, मी परत बोललो, त्यानं "हो रे बाबा" म्हटलं. 'हो' होतं त्यात, म्हणून चालवून घेतलं.

सोमवार, ११ मार्च

आज मॅडमनी बोलावलं. मॅडम आमच्या सगळ्या जोड्यांच्या वरच्या. म्हणाल्या, एका लिफ्टला एवढा वेळ लागत नाही. खरं आहे. आज मी खड्ड्यातला, म्हणजे शाफ्टच्या तळाचा, कचरा काढला, मग धूळ काढली, मग तेलाचे डाग घासले. डाग जुने होते. एक गेला की शेजारचा दिसायचा. रेडिओ येऊन म्हणाला, "गुरुजी, इथं जेवायला बसायचंय का?" मी म्हटलं, नाही, आणि घासत राहिलो. तो चेष्टा करत होता हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

दाजी असते तर "पुरे" म्हणाले असते. त्यांनी पुरे म्हटलं की माझा हात थांबायचा. मला स्वतःला ते कळत नाही. लोकांना वाटतं मी फार मेहनती आहे. तसं नाही. काम कुठं संपतं ते मला दिसत नाही, एवढंच.

शुक्रवार, १५ मार्च

ताई अजून तिघांचा स्वयंपाक करते. उरतं ते मी खातो. मला भूक नसते, पण उरलेलं बघून ती ताटापाशी तशीच उभी राहते, म्हणून खातो.

मंगळवार, १९ मार्च

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

आठ मजल्यांची इमारत. रेडिओ छपरावर, मी मशीनरूममध्ये. सकाळचं काम नीट चाललं होतं. रेडिओ आता कमी बोलतो, निदान वॉकीटॉकीवर. पाचव्या मजल्याजवळ तो म्हणाला, "थांबवा." मी परत बोललो, तो हो म्हणाला, मी स्विच बंद केला. मग बराच वेळ काही आलं नाही. मी विचारलं, "पुढं काय?" उत्तर नाही. त्याचा वॉकीटॉकी बंद होता.

मी थांबलो.

दुपारी रखवालदार जिने चढून आला. धापा टाकत म्हणाला, "तुमचा माणूस निघून गेला. फोन आला आणि पळालाच. मला म्हणाला, वर सांगा. मी जरा विसरलो."

मी म्हटलं, "त्यानं मला सांगायला हवं."

"अहो, गेला म्हणतोय ना! माझ्या डोळ्यांदेखत फाटकातून गेला."

"छपरावर माणूस आहे," मी म्हटलं.

तो खाली गेला. मग इमारतीचे व्यवस्थापक आले. ते आधी सावकाश बोलले, मग मोठ्यानं बोलले. आधी साहेब म्हणाले, मग माठ म्हणाले. मी त्यांना आत येऊ दिलं नाही, कारण मशीनरूममध्ये बाहेरच्या माणसाला येऊ द्यायचं नाही. त्यांनी दारातूनच स्विचकडे हात केला तेव्हा मी मध्ये उभा राहिलो. मी त्यांना ढकललं नाही. ते मला ढकलत होते.

खालून लोकांचा गलका येत होता. आवाज फार झाला की मला डोळे मिटावे लागतात. मी डोळे मिटून हात स्विचवर ठेवला.

उन्हं उतरल्यावर मॅडम आल्या. त्यांनी दारातूनच सांगितलं, "मी स्वतः सहाव्या मजल्यावरून दार उघडून छपरावर पाहिलं. तिथं कुणी नाही. आता सोडा." मी म्हटलं, "तिथं कुणी नाही, सोडतो." त्या "हो" म्हणाल्या. मी स्विच चालू केला. तेव्हा कळलं की हात उघडत नाहीये. मॅडमनी एकेक बोट धरून सोडवलं.

रेडिओची मुलगी शाळेच्या पायऱ्यांवरून पडली होती. कपाळाला टाके पडले. आता बरी आहे.

पाचव्या मजल्यावर एक आजोबा राहतात, चाकाच्या खुर्चीत असतात. ते दुपारी दवाखान्यातून परत आले आणि लिफ्ट बंद म्हणून खाली दारापाशीच बसून राहिले. संध्याकाळपर्यंत. येणारे-जाणारे त्यांच्यासमोरून जात होते. त्यांचे कपडे ओले झाले. हे मला मॅडमनी गाडीत सांगितलं.

बुधवार, २० मार्च

इमारतीकडून तक्रार आली आहे. मॅडमच्या खोलीत मी, मॅडम आणि रेडिओ.

रेडिओ म्हणाला, "चूक माझी आहे मॅडम. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण गुरुजींनी पण जरा... म्हणजे रखवालदार सांगतोय, अख्खी इमारत सांगतेय..."

मॅडमनी मला विचारलं, "स्विचला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून खाली येऊन बघता आलं असतं ना?"

"हो."

"मग का नाही आलात?"

मी म्हटलं, "सुचलं नाही."

हे खोटं आहे. मी सहसा खोटं बोलत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. मला सुचलं होतं. कुलूप माझ्या पट्ट्यालाच होतं. पण खाली जाऊन दार उघडलं असतं तर छप्पर रिकामं दिसलं असतं. ते मला बघायचं नव्हतं. जोवर बघत नाही तोवर छपरावर माणूस आहे. का असं वाटलं ते कळत नाही. रेडिओ मला एवढा आवडतही नाही.

मॅडम म्हणाल्या, वरून दबाव आहे, मला जोडीवर ठेवता येणार नाही. भांडारात जागा आहे. पगार तोच. "तिथं तुम्हाला त्रास होणार नाही. शांत आहे." महिनाअखेरपर्यंत तिथं बसून बघा, मग कायमचं करू, असं ठरलं.

बाहेर आल्यावर रेडिओ म्हणाला, "रागावलात?" मी म्हटलं, "मुलीला किती टाके पडले?" तो रडायला लागला. एवढा बोलणारा माणूस, पण रडताना त्याचा आवाज अजिबात येत नव्हता.

शुक्रवार, २२ मार्च

ताईला भांडाराचं सांगितलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "सुटले बाई मी एकदाची."

मी म्हटलं, "तू कुठं अडकली होतीस?"

"तुला नाही कळायचं. इतकी वर्षं दोघं सकाळी बाहेर पडलात की संध्याकाळी दार वाजेपर्यंत माझा जीव टांगलेला. एक वर, एक खाली, मध्ये ते दोर. आता तू घे ती जागा. मुकाट्यानं घे."

दाजी लिफ्टमध्ये गेले नाहीत. ते घरात गेले, दाढी करताना. हे मी तिला सांगितलं. ती उठून बाहेरच्या खोलीत निघून गेली. मी जे बोललो ते बरोबर होतं. बहुधा बोलायला नको होतं.

बुधवार, २७ मार्च

भांडार खरंच छान आहे. कुणी ओरडत नाही. दिवे गुणगुणत नाहीत. भांडार बघणाऱ्या काकू कमी बोलतात आणि बोलल्या तर फक्त सामानाबद्दल. नटबोल्ट मापाप्रमाणे लावले, गंजलेले वेगळे काढले, कप्प्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. काकू म्हणाल्या, "अरे, हळूहळू कर. आत्ताच सगळं संपवलंस तर निवृत्तीपर्यंत काय करशील?"

सगळं आहे तिथं. तरी दुपारी हात उगाच मुठीसारखा मिटतो. काय धरायचं आहे ते हाताला कळत नाही. बोल्ट चुकीच्या कप्प्यात गेला तर तो नंतर बरोबर कप्प्यात टाकता येतो. कुणाचं काही होत नाही. लोकांना हे चांगलं वाटतं. मला वाटतं, माझ्या भरवशावर आता कुणीच उभं नाही.

मला जोडीवर परत जायचं आहे. हे पहिल्यांदाच एका वाक्यात लिहिलं. वाचून भीती वाटली, कारण हे आता कुणाला तरी सांगावं लागेल. आजवर माझं सगळं दाजी सांगत.

रविवार, ३१ मार्च

त्या आजोबांकडे गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. काय बोलायचं ते घरून पाठ करून गेलो. लिफ्टनं गेलो नाही, जिन्यानं गेलो.

त्यांच्या सुनेनं दार उघडलं. आजोबा खिडकीशी होते. मी दारातूनच म्हटलं, "त्या दिवशी लिफ्ट मी बंद ठेवली होती. तुम्हाला खाली बसावं लागलं. माझ्यामुळे तुमचे कपडे खराब झाले. मी माफी मागतो."

सून म्हणाली, "अहो, कपड्यांचं काय काढता!"

आजोबा म्हणाले, "काढू दे. निदान हा एक जण सरळ बोलतोय. बाकी सगळे 'गैरसोय' म्हणतात." मग मला नीट बघून म्हणाले, "तुमची माफी घेऊन मी काय करू? लोणचं घालू? लिफ्ट दुरुस्त करा."

"लिफ्ट चालू आहे."

"डोंबलाची चालू! पाचव्यावर दोन बोटं वर थांबते. माझी चाकं अडतात. रोज हिला मला मागून ढकलावं लागतं, पोत्यासारखं. तुमच्या कंपनीला किती वेळा सांगितलं. येतात, बटण दाबतात, चहा पितात, जातात."

मी लिफ्टपाशी जाऊन बघितलं. दोन बोटं नाही, दीड. पण चाक अडायला तेवढं पुरतं. प्रत्येक मजल्याला शाफ्टमध्ये एक लोखंडी पट्टी असते, ती लिफ्टला कुठं थांबायचं ते सांगते. पाचव्याची पट्टी सरकली असणार. एक जण छपरावर, एक वर, असं दोघांनी नीट केलं तर तासाभराचं काम आहे.

मी म्हटलं, "मी आता भांडारात आहे. मला हे करता येणार नाही."

"मग करता येईल तिथं जा," आजोबा म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

मंगळवार, २ एप्रिल

मॅडमना सांगितलं. पाठ केलेलं अर्ध्यात विसरलो, म्हणून फक्त एवढंच म्हटलं, "मला भांडार कायमचं नको. मला जोडीवर जायचं आहे. पहिलं काम त्या इमारतीचं द्या. ते चुकलं तर भांडारात कायमचा बसेन."

मॅडमनी बराच वेळ पेन फिरवलं. मग रेडिओला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, माझी ना नाही. पण पुन्हा तसंच झालं तर? मी छपरावरून उतरायचो आणि गुरुजी वर पुतळ्यासारखे."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा. काम नीट व्हायला तुम्हाला काय लागतं?"

हा प्रश्न नेहमी दाजींना विचारायचे. मी "एक मिनिट" म्हणून बाहेर गेलो, नळाखाली हात धरले आणि परत आलो.

मी म्हटलं, "मी ऑटिस्टिक आहे. तुम्हाला माहीत आहे, पण मी कधी स्वतः सांगितलेलं नाही. जे करायचं तेवढंच बोला. मी परत बोललो की हो म्हणा. काम पुरेसं झालं की सांगा, मला ते कळत नाही. आणि जाताना मला स्वतः सांगून जा. दुसऱ्याकडून निरोप नको."

रेडिओ म्हणाला, "आणि समजा, मला सांगताच आलं नाही? तसंच काही झालं, अचानक? तर?"

मला ते उत्तर माहीत नव्हतं. दाजींनी ते सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "जाणाऱ्याला सांगता आलं नाही तर किती वेळ थांबायचं, हे मला कुणीतरी ठरवून द्या."

मला वाटलं, मी चुकीचं बोललो. रेडिओ खाली बघत होता. मॅडमनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता.

मग त्या म्हणाल्या, "पंधरा मिनिटं. मग कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, खाली जायचं आणि स्वतः बघायचं. छप्पर रिकामं असेल तर रिकामं. मग मला फोन करायचा. एकट्यानं तिथं उभं राहायचं नाही."

मी ते सगळं परत बोललो. शेवटचं वाक्य दोनदा बोललो. मॅडम "हो" म्हणाल्या.

गुरुवार, ४ एप्रिल

ते काम आज होतं. व्यवस्थापक मला बघून म्हणाले, "परत हाच?" रेडिओ म्हणाला, "हाच. आणि तुम्ही त्यांना 'अहो' म्हणा." त्यानं आणखी बरंच सांगितलं असतं, पण मी जिना चढायला लागलो होतो.

मला वाटलं होतं मी मशीनरूममध्ये असेन. रेडिओ म्हणाला, "पट्टी सरकवायचं हलकं काम तुम्हालाच जमेल. तुम्ही छपरावर जा, मी वर थांबतो." मी छपरावर बऱ्याच वर्षांनी उभा राहिलो. नेहमी दाजी उतरायचे. खाली शाफ्टमध्ये बघितलं की भीती वाटते. दाजींना ती कधी वाटत असेल असं मनात आलं नव्हतं. ते तिथं उभे राहून शीळ घालायचे. आज उभं राहिल्यावर कळलं, त्यांनाही वाटत असणार, म्हणून शीळ.

"खाली घ्या, सावकाश," मी म्हटलं.

"खाली घेतो, सावकाश," रेडिओ म्हणाला.

"हो."

लिफ्ट हलली. पट्टी खरंच सरकली होती. ढिली केली, सरकवली, आवळली. वर घेतली, खाली घेतली, परत बघितलं. अजून जरा, अजून जरा. मग वॉकीटॉकीवर आलं, "गुरुजी, सूनबाई फोनवर सांगतायत, खुर्ची आत-बाहेर करून बघितली. चाक अडत नाही. पुरे."

मी पाना खिशात ठेवला. बाहेर आल्यावर सांगितलं, "बाहेर आलो, सोडा."

आजोबांनी काही आभार वगैरे मानले नाहीत. खुर्ची आत घातली, बाहेर काढली, परत आत घातली. म्हणाले, "चौथ्याचं दार पण घासतं." रेडिओ म्हणाला, "आजोबा, आज नको हो!" मी ते लिहून घेतलं.

परत येताना मी गाडीत पुढे बसलो. सामानानं मागे जागा नव्हती.

शुक्रवार, ५ एप्रिल

सकाळी मॅडमनी सांगितलं, सोमवारपासून जोडीवर. इमारतीनं तक्रार मागे घेतली आहे. हे ताईला सांगायचं होतं. दिवसभर ते वाक्य पाठ केलं.

संध्याकाळी ती परात पुढ्यात घेऊन मटार सोलत बसली होती. मी सांगितलं. तिनं मान वर केली नाही. शेंगा सोलत राहिली, दाणे कमी, सालं जास्त उडत होती.

"तुला मी नको म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मला भांडारात काही धरायला नाही."

तिला हे कळलं की नाही माहीत नाही. मी उठणार होतो, कारण ती गप्प असली की लोक तिला एकटं सोडतात असं मी पाहिलं आहे. पण ती म्हणाली, "बस." मी बसलो.

मग तिनं विचारलं, "त्या शनिवारी काय झालं होतं? शेवटचं कामाला गेला होतात तेव्हा. मला काही म्हणजे काही माहीत नाही. घरी आले, जेवले, झोपले. कसा गेला त्यांचा दिवस?"

हे तिनं आजवर विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी सुरुवातीपासून सांगितलं. सकाळी गाडी सुरू होईना तेव्हा दाजी गाडीला काय म्हणाले ते. पहिल्या इमारतीत दोर तपासताना त्यांनी कोणतं गाणं शिळेवर घेतलं आणि कुठं चुकलं ते. दुपारी डबा उघडून ते म्हणाले, "मेहुणे, तुमच्या बहिणीनं आज मिठाचा हात सैल सोडलाय," आणि मग डबा पुसून खाल्ला. एका बाईंच्या कुत्र्यानं त्यांचा हातमोजा पळवला, तर ते जिन्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याच्या मागे गेले, आणि परत आले ते कुत्र्याला काखेत घेऊन. संध्याकाळी कंपनीत गाडी लावताना म्हणाले, "सोमवारी ग्रीस आणायचं आठवण कर." मी परत बोललो. ते हो म्हणाले. शेवटचं कामाचं बोलणं तेच.

ताई ऐकताना मध्येच हसली, कुत्र्याच्या ठिकाणी. मग पदर तोंडाला लावून खूप वेळ बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही, पण उठलोही नाही. माझ्या गालावरून काहीतरी ओघळून परातीत पडलं. मला आधी कळलंच नाही ते काय आहे.

"मीठ जास्त होतं?" तिनं विचारलं.

"थोडं."

"मला बोलले नाहीत ते."

"मला बोलले."

ती डोळे पुसत म्हणाली, "जा. जोडीवर जा. पण घरी आलास की मला सांगत जा. काय झालं, कुठं गेलात, कोण काय बोललं."

"रोज?"

"रोज."

"सगळं?"

"सगळं नको रे बाबा!"

मग किती, हे मी विचारलं. तिनं परात माझ्याकडे सरकवली. मी एक शेंग उचलली आणि आज सकाळपासून सांगायला सुरुवात केली.